साथीदाराचें आत्मवृत्त

गायकांचीं व नटांचीं आत्मचरित्रें आपल्याकडे थोडींबहुत झालीं आहेत. साथीदारांचीं मात्र बोटांवर मोजण्याइतकींहि सांपडणें कठीण. साथीदारांजवळ सांगण्यासारखें पुष्कळ असतें, पण त्यांस कोणी विचारीत नाहीं. मैफल संपली कीं श्रोते गायकाभोंवतीं गर्दी करतात आणि सारंगिया आपली सारंगी गवसणींत घालून, बिदागीचें पाकीट केव्हां हातीं पडतें ह्याची वाट पाहात एका कोपऱ्यांत उभा असतो. तीन तास जो गायकाच्या श्वासाबरोबर श्वास घेत होता, त्याला त्या गायकाविषयीं, त्या विद्येविषयीं व स्वतःच्या पोटापाण्याच्या उद्योगाविषयीं काय वाटतें, हें जाणून घेण्याची इच्छा आमच्या रसिकतेला क्वचितच होते. म्हणून मिल्ट हिंटन ह्या अमेरिकन डबल बेस वादकाचें ‘बेस लाइन’ हें पुस्तक कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या हातीं आलें, तेव्हां तें आम्ही अधाशासारखें वाचलें. पुस्तक नवें नाहीं. फिलाडेल्फिया येथील टेंपल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनें तें १९८८ सालीं काढलें, आणि हिंटन स्वतः नव्वद वर्षांचे होऊन २००० सालच्या डिसेंबरांत वारले. परंतु परीक्षणास घ्यावयाचें पुस्तक ताजेंच असलें पाहिजे, असा नियम आम्ही मानीत नाहीं.

डबल बेस हें वाद्य आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. ऐकलें असेल असें मात्र खात्रीनें सांगवत नाहीं. व्हायोलिनच्याच कुळांतलें, पण माणसाहून उंच असें हें वाद्य उभें राहून, कवेंत घेऊन वाजवावें लागतें. त्याला जाड अशा चार तारा असतात. गजानें तें वाजतेंच, पण जॅझ संगीतांत तारा बहुधा बोटांनींच छेडतात. आणि ज्या काळीं आवाज वाढविण्याचीं विजेचीं साधनें नव्हतीं, त्या काळीं दहाबारा शिंगें फुंकणाऱ्या वाद्यवृंदांतून आपला स्वर ऐकूं जावा म्हणून बोटांची सालटीं निघेपर्यंत त्या आंतड्याच्या तारा ओढाव्या लागत. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेशीं ह्या वाद्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती अर्धीच खरी आहे. तंबोऱ्याचा खर्ज एका जागीं स्थिर असतो, बेसचा खर्ज चालत असतो. मात्रेमात्रेला एकेक स्वर टाकीत तो स्वरसंगतीचे पालट दाखवितो आणि त्याच वेळीं लयहि धरून ठेवतो. म्हणजे तंबोरा व तबल्याचा ठेका ह्या दोहोंचें काम एकाच माणसाच्या गळ्यांत पडलेलें असतें. तो चुकला तर सगळ्यांना कळतें, आणि तो बिनचूक असला तर कोणालाहि कळत नाहीं.

ह्याबाबत एक प्रयोग आम्ही करून पाहिला, तो सांगतों. ‘अंडर द बोर्डवॉक’ हें ड्रिफ्टर्स नांवाच्या गायकवृंदाचें १९६४ सालचें गाणें इंग्रजी संगीताशीं फारसा संबंध नसलेल्या माणसाच्याहि कानांवरून कोठेंतरी गेलेलें असतें. त्यांतील बेस हिंटन ह्यांचा आहे. आम्ही तें गाणें पूर्वीं अनेकदां ऐकलें होतें, पण बेस ऐकल्याचें आम्हांस मुळींच स्मरत नव्हतें. ह्या खेपेस फक्त खालचा आवाज धरून ठेवावयाचा असा निश्चय करून बसलों. दोनदां मन गायकाकडे पळालें. तिसऱ्या खेपेस तो स्वर हातीं लागला, आणि मग गायकाचा पाय कोणत्या जमिनीवर टेकला आहे हें ध्यानांत आलें. अशा ध्वनिमुद्रणाचें मोल साथीच्या वादकाला वादकसंघानें ठरविलेल्या दरानें, तासांच्या हिशेबानें मिळे. पुढें तबकडी किती खपली ह्याच्याशीं त्याचा संबंध नसे, आणि तबकडीच्या वेष्टनावर त्याचें नांवहि बहुधा नसे.

हिंटन ह्यांचा जन्म २३ जून १९१० रोजीं मिसिसिपी राज्यांतील व्हिक्सबर्ग गांवीं झाला. आजी गुलामगिरींत जन्मलेली होती. सातआठ वर्षांच्या वयांत त्यांनीं एका काळ्या माणसाला जमावानें ठार करतांना पाहिलें, आणि ती हकीकत ते आवाज न चढवितां सांगतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडील लाखों काळीं माणसें उत्तरेच्या कारखानदारी शहरांकडे निघाली, त्यांत हें कुटुंबहि शिकागोस आलें. आई चर्चमध्यें ऑर्गन वाजवी. तिनें मुलाच्या हातीं तेराव्या वर्षीं व्हायोलिन दिलें. मुलगा हुशार निघाला, शाळेच्या वाद्यवृंदांत पुढें आला, आणि व्हायोलिनवादक होण्याचें त्याच्या मनानें घेतलें.

हा भाग पुस्तकांतील सर्वांत मोलाचा आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून त्यावर थोडें रेंगाळतों. मूकपटांच्या काळीं शिकागोच्या दक्षिण भागांतील मोठ्या चित्रगृहांतून पडद्यापुढें वाद्यवृंद बसत, आणि काळ्या व्हायोलिनवादकाला मानानें पोट भरण्याची तीच काय ती जागा होती. शहरांतील मोठ्या सिंफनी वाद्यवृंदाचे दरवाजे त्याला बंद होते. वादकांचा संघसुद्धां शिकागोंत वर्णावरून दोन ठिकाणीं विभागलेला होता, आणि ते दोन संघ १९६६ सालीं एक झाले. अशा स्थितींत १९२७ सालीं बोलपट आला. पुढल्या दोनतीन वर्षांत चित्रगृहांतील वाद्यवृंद मोडले आणि व्हायोलिन हातांत घेऊन तयार झालेल्या ह्या मुलाला कोणी विचारीना. त्याच बोलपटानें १९३१ नंतर आपल्या संगीत नाटकमंडळ्यांची काय दशा केली, हें मराठी वाचकास सांगावयास नको.

येथें एक आडवाट घेतल्यावांचून राहवत नाहीं. शिकागोच्या त्याच भागांतील व्हेंडोम चित्रगृहांत अर्स्किन टेट ह्यांचा वाद्यवृंद मोठा नांवाजलेला होता. त्यांतील पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हा १९२६ च्या सुमारास शिकागो सोडून पूर्वेकडे निघाला, आणि चीनकडे बरींच वर्षें काढून १९३० नंतरच्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत येऊन वाजवूं लागला. पुढें तो कलकत्त्यास गेला व १९४५ सालीं पटकीनें तेथेंच वारला. ह्या अमेरिकन मंडळींच्या वादनापासून आमच्या गोव्याकडील वादकांनीं पुष्कळ उचललें, आणि चिक चॉकलेट ह्या नांवानें प्रसिद्ध असलेले कर्णावादक सी. रामचंद्र ह्यांच्या बोलपटसंगीतांत उतरले ते तेंच भांडवल घेऊन. म्हणजे शिकागोचा हा खर्ज आपल्या कानांना वाटतो तितका परका नाहीं.

असो. व्हायोलिनला गिऱ्हाईक नाहीं असें दिसून आल्यावर हिंटन बेसकडे वळले. त्यापूर्वीं बेकायदा दारूची ने-आण करणाऱ्या गाडीवर त्यांनीं काम केलें, एका अपघातांत उजव्या हाताचें एक बोट जवळजवळ तुटलें, आणि डॉक्टर तें कापून टाकण्याच्या विचारांत असतां कुप्रसिद्ध अल् कपोन ह्याच्या हुकमामुळें तें वांचलें, असें ते सांगतात. ही गोष्ट ते रंगवून सांगतात आणि आम्ही ती रंगून वाचली. परंतु तिच्या मागेंपुढें असलेली साधी गोष्ट आम्हांस अधिक चटका लावून गेली. १९३० नंतर हिंटन हे एडी साउथ ह्या काळ्या व्हायोलिनवादकाच्या वाद्यवृंदांत बेस वाजवूं लागले. साउथ हा शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेला, युरोपांत जाऊन आलेला वादक. वर्ण आड आला नसता तर त्याची जागा मोठ्या सभागृहांत होती, पण आयुष्य त्यानें रात्रीच्या क्लबांत घालविलें. ज्या वाद्याचें स्वप्न आपण पाहिलें, त्यांतील श्रेष्ठ माणसाच्या मागें उभे राहून हिंटन खर्ज देत होते, आणि श्रेष्ठ झालों असतों तरी काय झालें असतें तें समोर पाहात होते.

पुस्तक वाचीत असतां आम्हांस दुसरे दोन बेसवादक आठवले. चार्ल्स मिंगस लहानपणीं चेलो वाजवीत असे. काळ्या मुलाला चेलोवर पाश्चात्य शास्त्रीय संगीतांत भवितव्य नाहीं, तेव्हां बेस घे, असा सल्ला त्याला मित्रानें दिला. रॉन कार्टर हाहि दहाव्या वर्षापासून चेलो शिकला, आणि डेट्रॉइटच्या शाळेंत असतांना कामाचीं बोलावणीं गोऱ्या मुलांना येतात, आपल्याला येत नाहींत, हें पाहून बेसकडे गेला. पुढें ह्याच कार्टरच्या नांवावर २,२२१ ध्वनिमुद्रणें असल्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथानें २०१५ सालीं केली. तिघेहि आपापल्या परीनें ह्या वाद्याचे आधारस्तंभ, आणि तिघांच्याहि हातांत आधीं दुसरें वाद्य होतें. खर्ज त्यांनीं निवडला असें म्हणण्यापेक्षां, बाकीचे दरवाजे लावून घेतल्यावर जो एक उघडा राहिला तो खर्जाचा होता, असें म्हणणें आम्हांस अधिक सरळ वाटतें.

ही गोष्ट ध्यानांत ठेवून हिंटन ह्यांचीं संगीतविषयक मतें वाचावींत. त्यांच्या मतें बेस हें सेवेचें वाद्य होय. दुसऱ्याला शोभा आणणें हा त्याचा धर्म. बेसवादकानें वेळेआधीं हजर असावें, समोर ठेवलेली स्वरलिपि पहिल्या दृष्टींत वाचतां यावी, गायकाचा दम कोठें कमी पडतो हें ओळखून त्याला तेथें उचलून धरावें, आणि स्वतःचें कौशल्य मागितल्याशिवाय दाखवूं नये. तरुणांस जें येतें तें हातचें न राखतां शिकवावें, आणि तरुणांकडून जें मिळेल तें घ्यावें. हें सारें त्यांनीं आयुष्यभर आचरिलें, ह्याविषयीं शंका नाहीं. कॅब कॅलोवे ह्यांच्या प्रसिद्ध वाद्यवृंदांत ते १९३६ सालीं गेले. न्यूयॉर्कला पोंचल्यावर दुसरा कोणी मिळेल तोंवरची ती नेमणूक होती, पण ते तेथें पंधरा वर्षें राहिले. तेथें १९३९ सालीं डिझी गिलेस्पी हा एकवीसबावीस वर्षांचा कर्णावादक आला. मधल्या सुट्टींत तो हिंटनना कॉटन क्लबच्या गच्चीवर घेऊन जाई, आणि हे अवजड वाद्य जिन्यानें वर चढवून त्या पोरगेल्या माणसाकडून नवीन स्वरसंगति शिकत. आपल्याहून सातआठ वर्षांनीं लहान असलेल्याची शागिर्दी करण्यास जी निरहंकारी वृत्ति लागते, ती हिंटन ह्यांच्याजवळ भरपूर होती. त्याच वर्षीं कॅलोवेच्या वाद्यवृंदानें त्यांना पुढें करून ‘प्लकिन् द बेस’ ही तबकडी काढली. ती ऐकली म्हणजे मागें उभा राहणारा हा माणूस पुढें येऊन काय करूं शकत होता हें कळतें. तार ओढून पट्टीवर आपटण्याची जी जुनी न्यू ऑर्लिन्सची हातोटी, तींत त्यांची बरोबरी करणारे थोडेच.

गिलेस्पी आणि कॅलोवे ह्यांचें १९४१ सालचें भांडण प्रसिद्धच आहे. हार्टफर्ड गांवीं खेळ चालूं असतां रंगमंचावर कोणी कागदाचा ओला बोळा फेंकला. कॅलोवेनें गिलेस्पीवर आळ घेतला, तो नाकबूल झाला, शब्दानें शब्द वाढून चाकू निघाला, कॅलोवेस जखम झाली आणि गिलेस्पीची नोकरी गेली. बोळा फेंकणारा दुसराच, जोना जोन्स हा होता, असें पुढें उघड झालें. हिंटन त्या वेळीं जवळच होते व दोघांनाहि चाहत होते. त्यांचें निवेदन चित्तवेधक आहे, पण निवाडा मात्र ते करीत नाहींत. मालक उतावीळ होता, मुलगा खोडकर होता, आणि झालें तें वाईट झालें, एवढ्यावर ते थांबतात. येथें, आणि पुस्तकांत अन्यत्रहि पुष्कळ ठिकाणीं, आम्हांस थोडी अस्वस्थता वाटूं लागली. ह्या माणसाला कोणाचा राग कसा येत नाहीं? शेंकडों माणसें ह्या पुस्तकांतून जातात, आणि बहुतेक सर्व भलीं, गुणी, प्रेमळ. कांहीं प्रकरणें तर केवळ नांवांच्या याद्या वाटतात. साथीदाराची संवय लेखणींतहि उतरली असावी.

कॅलोवेचा वाद्यवृंद १९५१ च्या सुमारास मोडला आणि हिंटनना कामाची ददात पडली. मध्यंतरीं कांहीं महिने ते लुई आर्मस्ट्रॉंग ह्यांच्याबरोबर होते, पण त्यासाठीं सतत घराबाहेर राहावें लागे. न्यूयॉर्कमध्यें ध्वनिमुद्रणाच्या कामाला भरती आली होती, परंतु तें काम गोऱ्या वादकांच्या हातीं होतें. जॅकी ग्लीसन ह्या गोऱ्या विनोदी नटाशीं त्यांची पूर्वींची ओळख होती. तो आतां मोठा झाला होता. त्यानें रस्त्यांत हिंटनना पाहिलें, काय करतोस म्हणून विचारलें, आणि आपल्या ध्वनिमुद्रणाला घेतलें. तेथें इतरांनीं त्यांना ऐकलें, आणि मग बोलावणीं सुरू झालीं तीं पंधरावीस वर्षें थांबलीं नाहींत. दिवसाला तीन तीन बैठकी. प्रत्येक ठिकाणीं वेळेवर पोंचतां यावें म्हणून त्यांनीं एकाहून अधिक बेस घेऊन ठेवले व ते शहरांत इकडून तिकडे नेण्यास पगारी माणूस ठेवला. बिली हॉलिडे, बिंग क्रॉस्बी, अरेथा फ्रँकलिन, जाहिरातींचीं गाणीं, सर्वांना एकच खर्ज. पुढें विजेच्या बेस गिटारचें युग आलें, तेव्हां हा ओघ आटला, आणि ते महाविद्यालयांत शिकवूं लागले.

ग्लीसनच्या ह्या गोष्टींत हिंटन उपकार स्मरतात, तें त्यांच्या स्वभावास साजेसेंच आहे. पण वाचकानें दुसरीहि बाजू पाहिली पाहिजे. पंधरा वर्षें देशांतील अव्वल वाद्यवृंदांत वाजविलेल्या माणसाला स्वतःच्याच शहरांत काम मिळण्यासाठीं एका नटाची रस्त्यांत गांठ पडावी लागते! ती न पडती तर? वेळेआधीं हजर असणें, चूक न करणें, कोणाला उलट न बोलणें, हे गुण खरेच. परंतु ज्याला एका चुकीनें कायमचें बाहेर जावें लागणार होतें त्याला ते गुण अंगीं बाणविल्यावांचून गत्यंतर नव्हतें. आपल्या एकट्याच्या चुकीवरून मागून येणाऱ्या सर्व काळ्या वादकांची परीक्षा होईल, ह्या जाणिवेचें ओझें त्या मोठ्या वाद्याहून हलकें नसावें. हिंटन ह्यांनीं त्या सक्तीला स्वधर्माचें रूप दिलें, आणि इतकें सुंदर रूप दिलें कीं मूळची सक्ति पुस्तकाच्या पानांतून दिसेनाशी झाली. हा ह्या पुस्तकाचा मोठेपणा समजावा कीं उणीव, ह्याचा आम्ही बरेच दिवस विचार केला. दोन्ही, असेंच म्हणावें लागतें. पण उणीव म्हणून ती दाखविणें समीक्षकाचें काम आहे, कारण मोठेपणाची वाखाणणी करणारे पुष्कळ आहेत.

मिंगसनें १९७१ सालीं ‘बिनीथ द अंडरडॉग’ हें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. तेंहि बेसवादकाचेंच, पण दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवलीं तर एका जगांतलीं वाटत नाहींत. मिंगसचें पुस्तक संतापानें पेटलेलें, शिवराळ, बढाईखोर, आणि वस्तुस्थितीला पदोपदीं सोडून जाणारें आहे. त्यांतील प्रत्येक प्रसंग खरा मानणारा वाचक भोळा म्हणावा लागेल. हिंटन ह्यांचें पुस्तक सभ्य व विश्वसनीय. तरीहि काळ्या वादकाला त्या देशांत काय वाटत होतें हें विचारल्यास आम्ही वाचकाला आधीं मिंगसकडे पाठवूं; त्यानें काय केलें, कसें दिवस काढले, हें विचारल्यास हिंटनकडे. आणि एवढें सांगितलें पाहिजे कीं, मिंगस पुढारी होता, स्वतःचा वाद्यवृंद बाळगणारा रचनाकार होता. रागावणें त्याला परवडलें असें म्हणवत नाहीं, त्याची किंमत त्यानें मोजली. पण साथीवर पोट असलेल्या माणसाला तें मुळींच परवडण्यासारखें नव्हतें.

सुदैवानें ह्या पुस्तकांत शब्दांबरोबर दुसरेंहि कांहीं आहे. १९३५ सालीं पंचविसाव्या वाढदिवसाला हिंटन ह्यांस कोणी एक कॅमेरा भेट दिला, आणि पुढें जन्मभर ते सोबत्यांचीं छायाचित्रें काढीत राहिले. त्यांच्या मागें राहिलेल्या निगेटिव्हांची संख्या साठ हजारांच्या घरांत आहे. आगगाडींत झोपलेले वादक, रंगपटांत पत्ते खेळणारे वादक, ध्वनिमुद्रणाच्या मधल्या वेळीं विडी ओढणारे वादक. आणि मग दक्षिणेकडील रेल्वेस्थानकें, खाणावळी, दरवाज्यांवर ‘काळ्यांसाठीं’ अशा पाट्या, आणि त्या पाट्यांखालीं उत्तम शिवलेल्या कपड्यांत उभे असलेले कॅलोवेचे लोक. आदल्या रात्रीं ज्यांच्या तालावर गोरीं माणसें नाचलीं, त्यांना सकाळीं चहा कोणत्या दारानें मागावा लागतो तें येथें दिसतें. लेखणीनें जो राग गिळला, तो कॅमेऱ्यानें जपून ठेवला आहे. हिंटन ह्यांनीं हीं चित्रें काढलीं तेव्हां त्यांच्या मनांत तसें होतें कीं नाहीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण पाटी चौकटींत यावी एवढें मागें सरून मगच त्यांनीं कळ दाबली आहे.

पत्नी मोना ह्यांच्याविषयीं पुस्तकांत अधिक असावयास पाहिजे होतें. १९३९ सालीं आजीच्या अंत्यविधीच्या वेळीं दोघांची ओळख झाली. वाद्यवृंदाबरोबर त्या प्रवास करीत, दक्षिणेंतील गांवोगांवीं काळ्यांच्या घरीं बिऱ्हाडें शोधून देत, वादकांना पैसा राखावयास शिकवीत, नवऱ्याच्या बैठकींचा हिशेब ठेवीत. १९५८ सालीं हार्लेममध्यें सत्तावन्न जॅझ वादकांचें प्रसिद्ध छायाचित्र आर्ट केन ह्यांनीं काढलें, त्या सकाळचें चलच्चित्र मोनाबाईंनींच आपल्या लहान कॅमेऱ्यानें टिपलें होतें, आणि १९९४ सालच्या माहितीपटाला तें उपयोगी पडलें. साथीदाराच्या आत्मवृत्तांत त्याच्याच साथीदारास एक स्वतंत्र प्रकरण मिळूं नये, ही गोष्ट आम्हांस खटकली.

पुस्तकाचें शब्दांकन डेव्हिड बर्जर ह्यांनीं केलें आहे. ते समाजशास्त्राचे प्राध्यापक, पण मुलगेपणीं हिंटन ह्यांच्याकडे बेस शिकावयास आलेले. शिष्यानें गुरूच्या तोंडून घेतलेलें हें पुस्तक असल्यामुळें बोलण्याचा ओघ टिकला आहे, आणि अवघड प्रश्न विचारले गेले नाहींत तेहि त्यामुळेंच असावेत. आपल्याकडे अशा शिष्यांची वाण आहे. बालगंधर्वांच्या मागें तबल्यावर अहमदजान थिरकवा व सारंगीवर कादरबक्ष बसत. त्या दोघांच्या तोंडून असें एक पुस्तक कोणी लिहून घेतलें असतें, तर मराठी रंगभूमीचा इतिहास आज आपण कांहीं निराळाच वाचला असता. ‘काय सुंदर साथ केली, कोठें पुढें म्हणून आले नाहींत’ अशी साथीदाराची स्तुति आपण सहज करतों. पुढें न येण्यांत त्याची कला किती आणि आपली वहिवाट किती, हा हिशेब हिंटन वाचल्यावर तरी निदान आम्हांस पूर्वींसारखा सोपा वाटेनासा झाला आहे.

पुस्तकाचा आकार मोठा आहे, तें मांडीवर धरून वाचणें त्रासाचें होतें, आणि प्रवासांत नेण्याची तर सोयच नाहीं. आम्ही प्रथम ह्याबद्दल कुरकुर करणार होतों. परंतु लहान आकारांत छापलें असतें तर स्थानकावरील त्या पाट्यांचीं अक्षरें वाचतां आलीं नसतीं.